मूठभर मांस

ते मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होते आणि बोटीवर त्यांना सगळे मामा म्हणत. कप्तानसाहेब वयाने मोठे असले तरी तेही मामाच म्हणत. सव्वीस वर्षांत अकरा बोटी झाल्या, पण हे नाव प्रत्येक बोटीवर त्यांच्या आधी पोचलेलं असायचं. नावाच्या जोडीला त्यांच्या हातच्या मटणाची कीर्तीही पोचलेली असायची. बंदरात माल भरायच्या वेळी मामा स्वतः खाली उतरत, प्रत्येक तुकडा अंगठ्याने दाबून बघत, वास घेत, आणि नापसंत पडला तर व्यापाऱ्याच्या तोंडावर परत करत. स्वतःही दोन्ही वेळा मटण नाहीतर कोंबडी खात. भाज्या त्यांना येत नव्हत्या असं नाही. पण भाजी करताना त्यांचा हात चालायचा आणि मन दुसरीकडे असायचं. भाजी म्हणजे ताटाची शोभा, जेवण म्हणजे मटण, असा त्यांचा सरळ हिशोब होता.

बाराव्या बोटीवर हा हिशोब मोडला.

बोटीने एका बंदरात कोळसा उतरवला होता आणि आता ती रिकामी, एकोणतीस दिवसांच्या वाटेवर, धान्य भरायला निघाली होती. कोळशाच्या जागी धान्य भरायचं तर मालाची पाचही कोठारं धुऊन अशी लख्ख करावी लागतात की तपासनिसाने पांढरं फडकं फिरवलं तरी डाग उठू नये. ही कोठारं पाच-पाच मजली घरांएवढी उंच. खलाशी दिवसभर शिड्यांवर लटकून खरवडायचे, धुवायचे, पुन्हा खरवडायचे. संध्याकाळी वर आले की फक्त डोळे आणि दात पांढरे दिसायचे. त्यांचा मुकादम होता सारंग. बोटीवर खलाशांच्या मुकादमाला सारंगच म्हणतात. दाराच्या चौकटीत मावणार नाही असा धिप्पाड माणूस, आणि मामांच्या मटणाचा पहिला भक्त.

पाचव्या दिवशी सकाळी मामा मांस ठेवायच्या थंड खोलीत शिरले आणि त्यांना स्वतःचा श्वास दिसला नाही. एरवी त्या खोलीत तोंड उघडलं की वाफेचा ढग निघायचा. त्यांनी पुन्हा जोरात श्वास सोडून पाहिला. काही नाही. मग भिंतीवरचा काटा बघायचीही गरज उरली नाही. त्यांनी दार घट्ट लावलं आणि थेट इंजिनाच्या खोलीत गेले.

यंत्रांचे प्रमुख होते चीफसाहेब. वाळलेल्या खारकेसारखे, बोलायला कमी आणि कामाला पक्के. त्यांनी शोध घेतला तर खोली थंड ठेवणाऱ्या गॅसच्या नळीला तडा गेलेला. नळी जोडली, राखीव गॅस भरला, तोही दोन दिवसांत दुसरीकडून निघून गेला. आणखी सिलिंडर बोटीवर नव्हता. सातव्या दिवशी चीफसाहेबांनी हात पुसत सांगितलं की आता बंदर येईपर्यंत ती खोली म्हणजे नुसतं कपाट आहे.

कप्तानसाहेबांनी मामांना वर बोलावून घेतलं. जवळचं बंदर गाठायचं तर चार दिवस वाट वाकडी करावी लागणार होती आणि धान्य भरायची तारीख हुकणार होती. बावीस दिवस उरलेत, एकवीस माणसं आहेत, मांसाशिवाय चालवाल का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. सव्वीस वर्षांत स्वयंपाकघरातून नकार बाहेर पडला नव्हता, तो आता काढणं त्यांच्या जिवावर आलं.

"चालवतो," ते म्हणाले.

कसं, ते त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

पहिले तीन दिवस बोटीवर लग्नघर झालं. जेवढं खपेल तेवढं मामांनी शिजवलं. सकाळी मटण, दुपारी कोंबडी, रात्री पुन्हा मटण. खलाशी म्हणाले, असं बिघडायचं असेल तर रोज बिघडू दे. चौथ्या दिवशी मात्र खोलीचं दार उघडल्यावर मामांनी नाकाला फडकं लावलं, आणि उरलेलं सगळं समुद्रात टाकायचं ठरलं.

समुद्रात प्लास्टिक टाकायला बंदी. त्यामुळे प्रत्येक पुडकं सोडवून, पिशवी वेगळी करून, आतलं तेवढंच टाकायचं होतं. पावणेदोनशे किलो माल. सारंग मदतीला आला. दोघं बोटीच्या मागच्या बाजूला बसून सकाळपासून दुपारपर्यंत पुडकी सोडत होते. मामांना तुकडे ओळखू येत होते. हा अंगठ्याने दाबून घेतलेला, हा व्यापाऱ्याशी वाद घालून बदलून घेतलेला. ज्या हाताने पारखून घेतलं त्याच हाताने ते आता एकेक टाकत होते, आणि तो मऊ पडलेला, हिरवट थर आलेला माल बोटांच्या मध्ये चिकटत होता. सारंग सुरुवातीला थट्टा करत होता, म्हणाला की माशांना एवढी मेजवानी जन्मात मिळाली नसेल. तासाभराने तोही नाकाला फडकं बांधून बसला. त्या दिवशी मामांनी दोनदा अंघोळ केली, हात लिंबाने चोळले, आणि संध्याकाळी जेवले नाहीत.

मग खरी कसोटी सुरू झाली. बोटीवर डाळी होत्या, कडधान्यं होती, बटाटे, कांदे, कोबी होता, मैद्याची चौदा पोती होती. मामांनी डाळ केली, उसळ केली, बटाट्याचे चार प्रकार केले. दोन दिवस लोकांनी ताटं संपवली. तिसऱ्या दिवशी ताटं अर्धी परत यायला लागली. धाकट्या इंजिनिअरने बोटीच्या मागे गळ सोडून बघितला. चार दिवसांत एक शेवाळाची जुडी लागली, ती त्याने मामांच्या ओट्यावर आणून ठेवली आणि सगळे पोट धरून हसले. मामाही हसले, पण ते हसू ओठांपुरतंच होतं.

त्याच संध्याकाळी सारंग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. टोपी हातात घेऊन, म्हणजे बोलायचं होतं ते कठीण होतं.

"मामा, राग मानू नका," तो म्हणाला. "चव चांगली आहे, पोटही भरतं. पण पोरं दिवसभर खाली राबतात, आणि ताटावर बसली की दातांना काही कामच नाही. उठताना जेवल्यासारखं वाटत नाही."

मामांना हे बोलणं लागलं आणि पटलंही. रात्रभर त्यांनी त्याच एका शब्दाचा विचार केला. प्रश्न चवीचा नव्हता, मसाल्याचा नव्हता, दातांच्या कामाचा होता. सकाळी त्यांनी कोपऱ्यात पडलेली सोयाच्या वड्यांची पिशवी काढली. ती कुणीतरी कधीतरी घेतलेली आणि कुणीच न उघडलेली. भिजवून, पिळून, झणझणीत रस्स्यात घातली. खलाशांनी तिला ओला स्पंज असं नाव ठेवलं, आणि पिशवीही दोन दिवसांत संपली.

मामा पोळ्यांसाठी मैदा मळत होते तेव्हा त्यांना वडिलांची आठवण झाली. वडील त्यांना लहानपणी तळ्यावर मासे धरायला न्यायचे. गळाला लावायचं पीठ पाण्यात विरघळू नये म्हणून वडील ते मळून झाल्यावर पाण्यात धूत बसायचे. पांढरं पाणी निघून जायचं आणि हातात उरायचा एक चिवट, रबरासारखा गोळा. तो गळावरून सुटायचा नाही. मामांचे हात परातीतच थांबले. ज्या पिठाने मासे फसले, त्याने माणसं का फसू नयेत?

पण पीठ धुवायला पाणी हवं, आणि पाण्याच्या चाव्या चीफसाहेबांच्या ताब्यात. बोटीवर गोडं पाणी खाऱ्या पाण्यापासून यंत्राने काढावं लागतं, आणि कोठारं खाऱ्या पाण्याने धुतली तरी शेवटचा हात गोड्या पाण्याचाच मारावा लागतो. चीफसाहेब थेंबाथेंबावर डोळा ठेवून होते. मैदा धुवायला पाणी हवंय हे ऐकून त्यांनी मामांकडे असं पाहिलं, जणू गरमीने म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असावं. शेवटी म्हणाले, "दिवसाला दोन बादल्या. तिसरी मागू नका."

दोन बादल्यांत एकवीस माणसांचं भागवायचं म्हणजे तारेवरची कसरत होती. मामांनी तीन घमेली ओळीने मांडली. गोळा पहिल्यात धुवायचा, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. पहिल्याचं पाणी तासभर स्थिर ठेवलं की पिठूळ गाळ तळाशी बसे आणि वर नितळ पाणी येई. ते पुन्हा तिसऱ्यात घालायचं. तळाचा गाळही फुकट घालवायचा नाही. त्याने सूप दाट व्हायचं, नाश्त्याची धिरडी व्हायची, आणि एकदा तर मामांनी त्यातला थोडा कप्तानसाहेबांच्या शर्टांना खळ म्हणून दिला. साहेब दोन दिवस मान वळवायची असली की खांद्यांसकट वळत होते.

पहिला प्रयोग फसला. घाईत मामांनी गोळे खळखळ उकळत्या पाण्यात सोडले. ते फुगले, टम्म झाले, आणि कापले तर आत नुसती भोकं. ताटात वाढले तेव्हा सारंगाने एक तुकडा चावला, थोडा वेळ चावतच राहिला, मग तो काढून आपल्या बुटाच्या तळाशी लावून पाहिला. सगळं टेबल हसून लोळलं. मामा आत गेले आणि भांडी घासायला लागले. भांडी घासणं त्यांचं काम नव्हतं. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातच्या अन्नावर कुणी असं हसलं नव्हतं, आणि हसणाऱ्याची चूकही नव्हती. बंदरापर्यंत डाळभात खाऊन कुणी मरणार नाही, कशाला हा खटाटोप, असं त्यांच्या मनात आलं. पण कप्तानसाहेबांना दिलेला शब्द मरेल, असंही मागोमाग आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा घमेल्यांसमोर बसले होते. सारंग आत आला. त्याला आदल्या दिवसाचं मनाला लागलं होतं, पण माफी मागायची त्याला सवय नव्हती. तो बाजूला उभा राहिला, मग त्याने परातीतला धुतलेला गोळा उचलला, बोटांनी ओढून पाहिला, सोडला, पुन्हा ओढला. चाळीस वर्षं दोरखंडं हाताळलेले ते हात.

"मामा, ह्याला पीळच नाही," तो म्हणाला. "मटणात दोरे असतात. दात त्या दोऱ्यांना धरतात. तुमच्या गोळ्यात धरायला काय आहे?"

आणि त्याने ओट्यावर तो गोळा ताणला, तीन पेड केले, एकेक पेड उजवीकडे पिळला, मग तिन्ही पेड एकत्र डावीकडे पिळून घेतले. अगदी बोट बांधायचा दोर वळतात तसा. दोन्ही टोकांना गाठ मारली. हातभर लांब, मनगटाएवढी जाड दोरी तयार झाली आणि तिने पीळ सोडला नाही. मामा बघतच राहिले. मग त्यांनी आपला हट्ट धरला. पाणी ह्या वेळी उकळू द्यायचं नाही, नुसतं थरथरत ठेवायचं. कांदा, लसूण, मिरी आणि खडा मसाला घालून पाणी आधीच चवदार करून घ्यायचं. दीड तास झाकण काढायचं नाही. सारंगाने मध्ये दोनदा झाकणाला हात घातला आणि दोन्ही वेळा हातावर डावाचा फटका खाल्ला.

दोरी निघाली तेव्हा गडद आणि भारी झाली होती. मामांनी ती रात्रभर कापडात घट्ट गुंडाळून पाट्याखाली दाबून ठेवली, सकाळी आडवी कापली. कापलेल्या बाजूला तंतू दिसत होते. ते तुकडे त्यांनी तव्यावर कडा करपेपर्यंत परतले आणि कांद्याच्या लाल रस्स्यात सोडले. कुणाला काही सांगितलं नाही. सारंगालाही बोलू नकोस म्हणून बजावलं.

त्या दुपारी जेवणाच्या खोलीत नेहमीचा गलका झाला नाही. मामा दाराआड उभे राहून ऐकत होते. नुसता चावण्याचा आवाज. मग भाताचं पातेलं सरकवल्याचा आवाज. मग कुणीतरी विचारलं, हे कुठून काढलं, एखादं पुडकं राहिलं होतं का? तेव्हा सारंग म्हणाला, "मी वळलंय ते." आणि दोन्ही हातांनी दोर वळून दाखवला. एकवीसच्या एकवीस ताटं पुसल्यासारखी परत आली. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी तिसरी बादली भरून ठेवलेली होती. कुणी ठेवली ते विचारायची गरज नव्हती. चीफसाहेबांनी त्याबद्दल पुढे कधी चकार शब्द काढला नाही.

उरलेले दिवस दोरीचे झाले. एक दिवस लसणाची, एक दिवस धुरी दिलेली, एक दिवस बारीक चिरून बटाट्याबरोबर. सारंग रोज दुपारी अर्धा तास येऊन वळून द्यायचा आणि आपला पीळ मामांच्या पिळापेक्षा घट्ट आहे म्हणून छाती फुगवायचा. पाचही कोठारं वेळेच्या आधी दीड दिवस धुऊन झाली. बंदरात तपासनीस आला, पांढरं फडकं घेऊन प्रत्येक कोठारात उतरला आणि पहिल्याच फेरीत सही करून गेला. असं क्वचित होतं. खलाशी म्हणाले, ही दोरीची ताकद. मामा म्हणाले, ही तुमच्या मनगटांची. पण त्यांनाही ऐकायला गोड लागलं.

बंदरात थंड खोली दुरुस्त झाली आणि ताजं मांस आलं. मामांनी ते निवडलं, शिजवलं, सगळं नेहमीसारखं. मीठ बघायला चमचा तोंडापाशी नेला आणि तो तिथेच थांबला. बोटांमधला तो चिकटपणा जसाच्या तसा परत आला होता. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि सारंगाला हाक मारून मीठ बघायला सांगितलं. त्यांना वाटलं, दोन-चार दिवसांत जाईल. ते गेलं नाही, आणि महिन्याभराने त्यांच्या लक्षात आलं की ते जावं म्हणून आपण वाटही बघत नाही आहोत. स्वतःसाठी दोरी वळताना त्यांना पुन्हा पहिल्या नोकरीसारखा हुरूप येत होता. सारंगाने तीन दिवस मटण हाणलं. चौथ्या दिवशी दारात येऊन म्हणाला, "दोरी कधी?"

उतरायच्या दिवशी कप्तानसाहेबांनी मामांच्या नोकरीच्या पुस्तकाबरोबर एक पत्र दिलं. त्यात लिहिलं होतं की एकोणीस दिवस मांसाशिवाय काढूनही ह्या बोटीवर एकही तक्रार नोंदली गेली नाही, आणि याचं श्रेय संपूर्णपणे स्वयंपाक्याचं आहे. मामांनी ते शिडीवर उभं राहून वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं. अंगावर मूठभर मांस चढलं, तेही मांस सोडलेल्या माणसाच्या.

घरी मात्र वेगळाच पेच होता. मामी, म्हणजे त्यांची बायको, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत कपडे शिवायचं काम करायची. नवरा आठ-नऊ महिन्यांनी परत येणार त्या दिवशी ती मशीन झाकून ठेवायची आणि सकाळपासून मटण शिजत घालायची. सगळ्या जगाला मटण खाऊ घालणाऱ्या माणसाला ते एकच ताट आयतं मिळायचं. त्या दिवशीही जिन्यातच वास आला. मामांना कळेना की काय करावं. ताटावर बसले, भात कालवला, आणि शेवटी मांस सुटल्याचं सांगून टाकलं.

मामी म्हणाली, "सव्वीस वर्षं मी हे एकच तुमच्यासाठी करते. आता मी काय करू ते सांगा."

मामांना वाटलं होतं ती रागावेल. हे त्याहून जड होतं. त्यांनी तिला खोलीचं, पुडक्यांचं, घमेल्यांचं, सगळं पहिल्यापासून सांगितलं. पत्र वाचून दाखवलं. तिने पत्र हातात घेतलं, चष्मा लावून स्वतः वाचलं, आणि मटणाचं पातेलं उचलून शेजारच्या वहिनींकडे देऊन आली. येऊन पदर खोचला आणि मैद्याचा डबा काढला.

गोळा धुऊन झाल्यावर मामांनी सारंगासारखे तीन पेड घेतले. तिने त्यांच्या हातून ते काढून घेतले. तीनने एवढा घट्ट पीळ बसतो, मग पाचने किती बसेल, असं म्हणून तिने पाच पेडांची वेणी घातली, प्रत्येक वळणाला बोटाने चेपत. शिवणकाम करणाऱ्या बाईची बोटं ती. शिजवून कापली तेव्हा तंतू सारंगाच्या दोरीहून बारीक आणि सरळ निघाले. मामांनी पहिला तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि कबूल केलं की हे बोटीवरच्यापेक्षा चांगलं झालंय. ती म्हणाली की ते तिला आधीच दिसलं होतं. त्यानंतर मामा घरी यायच्या दिवशी मशीन झाकलेली असायची, आणि जिन्यात लसणाचा आणि मिरीचा वास असायचा. स्वतः ती मटण खात राहिली, शेजारी जाऊन, मनापासून. त्यावरून दोघांत कधी वाद झाला नाही.

पुढच्या बोटीवर मामांनी पाच पेडांची वेणी नेली. सारंग दुसऱ्या बोटीवर गेला, त्याने तिथल्या स्वयंपाक्याला तीन पेडांची दोरी शिकवली. त्या स्वयंपाक्याने आणखी कुणाला. मामांना यातलं काही माहीत नव्हतं. साठाव्या वर्षी ते नोकरीतून मोकळे झाले आणि घरी बसले. दुपारी मामीचे शिवलेले कपडे गिऱ्हाइकांकडे पोचवायला लागले.

एका दुपारी फोन आला. आवाज अनोळखी, मागे इंजिनाची घरघर. एका तेलवाहू बोटीवरचा स्वयंपाकी बोलत होता. त्याच्या बोटीवर सहा जण मांस खात नव्हते आणि त्यांच्या ताटात काय वाढावं ते त्याला सुचत नव्हतं. कुणीतरी सांगितलं होतं की मामांची दोरी म्हणून एक प्रकार आहे, आणि फिरत फिरत नंबर मिळाला होता. त्याची दोरी शिजताना सुटत होती. मामांनी विचारलं, मैदा मळल्यावर किती वेळ ठेवता? लगेच धुतो, तो म्हणाला. तिथेच चुकतंय, आधी तासभर मुरू द्या, म्हणत मामांनी खुर्ची ओढून घेतली आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं, अर्धा तास, घमेल्यांसकट. पलीकडचा माणूस लिहून घेत होता, मध्येच थांबा म्हणत होता. शेवटी त्याने विचारलं की तीन पेड बरे की पाच.

"थांबा, ते तिला विचारा," मामा म्हणाले, आणि फोन मामीच्या हातात दिला.

मामीने दातातली टाचणी काढून टेबलावर ठेवली आणि त्या परक्या माणसाला वेणी कशी घालायची ते सांगायला लागली.